ऐतिहासिक पुराव्याची सुसंगती : साष्टीतील लेण्यांच्या संदर्भात

ऐतिहासिक पुराव्याची सुसंगती : निरनिराळ्या प्रकारचे पुरावे परस्परांशी जुळत असले, म्हणजे त्यांवर आधारलेल्या गृहीतकाला (अभ्युपगमाला) बळकटी येते, हे इतिहाससंशोधनातील एक सर्वमान्य तत्त्व आहे. कोरीव लेख, नाणी, ताम्रपट, शिल्पशैली आणि परकीय प्रवाशांचे वृत्तांत यांतील कोणताही एक पुरावा सहसा निर्णायक नसतो. परंतु ते सर्व एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवीत असतील, तर तो निष्कर्ष स्वीकारार्ह मानला जातो. मात्र हे तत्त्व विनाअट खरे नाही. पुरावे एकमेकांशी का जुळतात, म्हणजे ते कोणत्या कारणपरंपरेने आजवर येऊन पोहोचले, यावर त्यांच्या सुसंगतीचे मोल अवलंबून असते. एकाच मूळ घटनेचे स्वतंत्र मार्गांनी आलेले दोन पुरावे जुळले, तर गृहीतकाचे समर्थन वाढते. एक पुरावा दुसऱ्याचीच नक्कल असेल, तर ते वाढत नाही. मुंबईच्या उपनगरांनी व्यापलेल्या साष्टी बेटावरील लेण्यांच्या अभ्यासात या तत्त्वाचे बहुतेक सर्व प्रकार पाहावयास मिळतात.

साष्टीतील अवशेष : बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. प्राकृत लेखांत या डोंगराचे नाव ‘कण्हसेल’ व नंतरच्या संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरी’ असे येते [⟶ कान्हेरी]. बोरिवलीजवळच मागाठाणे येथील बौद्ध व मंडपेश्वर येथील शैव लेणी आहेत. अंधेरीच्या पूर्वेस कोंदिवटे येथे महाकाली या नावाने ओळखला जाणारा बौद्ध लेण्यांचा समूह असून त्याच्या उत्तरेस जोगेश्वरीचे विस्तीर्ण शैव लेणे आहे. या सर्व स्थळांपैकी कान्हेरी येथेच कोरीव लेख विपुल आहेत. जोगेश्वरी व मंडपेश्वर ही लेणी कोणी खोदविली, हे सांगणारा समकालीन लेख उपलब्ध नाही. त्यामुळे एका ठिकाणी लेखांचा परस्परमेळ घालणे आणि दुसऱ्या ठिकाणी लेखांवाचून निर्णय करणे, असे दोन्ही प्रश्न अभ्यासकांसमोर एकाच परिसरात उभे राहिले.

तात्त्विक पार्श्वभूमी : इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ह्यूएल याने १८४० मध्ये असे प्रतिपादन केले, की वेगवेगळ्या वर्गांतील वस्तुस्थितींवरून केलेली विगमने जेव्हा एकाच सिद्धांतात येऊन मिळतात, तेव्हा तो सिद्धांत विशेष विश्वसनीय ठरतो. सी. आय्. लूइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९४६ मध्ये साक्षीदारांचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला. प्रत्येक साक्षीदार फारसा विश्वासार्ह नसला, तरी परस्परांशी संपर्क नसलेल्या अनेकांनी एकच हकीकत सांगितल्यास ती बनावट असण्याचा संभव फार कमी होतो. हान्स रायशेनबाख याच्या १९५६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समान कारणाचे तत्त्व आले आहे. दोन घटना योगायोगाने घडाव्यात त्याहून अधिक वेळा बरोबर आढळल्या आणि त्यांपैकी एक दुसरीचे कारण नसली, तर दोहोंमागे एखादे समान कारण असले पाहिजे, असे हे तत्त्व सांगते. ते कारण एकदा हिशेबात धरले, की त्या दोन घटनांमधील उरलेला संबंध नाहीसा होतो.

संभाव्यतेच्या भाषेत हे सोपे करून सांगता येते. एखादे गृहीतक खरे असण्याची शक्यता आरंभी एकास चार अशी प्रतिकूल आहे, असे समजू. गृहीतक खरे असताना एखादा पुरावा आढळण्याचा संभव ते खोटे असतानापेक्षा चौपट असेल, तर त्या पुराव्याने ही शक्यता एकास एक होईल. तितक्याच बळाचा दुसरा स्वतंत्र पुरावा मिळाल्यास ती चारास एक अशी अनुकूल होईल व तिसऱ्याने सोळास एक. परंतु दुसरा व तिसरा पुरावा हे पहिल्याचेच अनुवाद असतील, तर ती एकास एक याच पातळीवर राहील. दोन्ही प्रसंगी पुराव्यांची परस्परसंगती सारखीच, किंबहुना नकलेच्या बाबतीत अधिकच असते. ल्यूक बोव्हेन्स आणि श्टेफान हार्टमान (२००३) व एरिक ओल्सॉन (२००५) यांच्या विवेचनांतून असे दिसून आले, की पुराव्यांची विश्वसनीयता व स्वतंत्रता यांचा विचार बाजूला ठेवून केवळ सुसंगतीच्या प्रमाणावरून सत्याच्या संभाव्यतेविषयी सर्वत्र लागू पडणारा नियम सांगता येत नाही.

भारतीय न्यायदर्शनात ‘उपाधी’ या संकल्पनेद्वारे याच्याशी निगडित असा विचार झालेला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. परंतु अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. कारण ओल्या सरपणाचा संयोग असेल तरच अग्नीपासून धूर निघतो. हेतू आणि साध्य यांचा संबंध एखाद्या न सांगितलेल्या अटीवर अवलंबून असल्यास त्या अटीला उपाधी म्हणतात व तसे अनुमान सदोष ठरते. इतिहासातील पुराव्याच्या बाबतीतही अशी अट शोधून काढणे हे परीक्षणाचे मुख्य अंग आहे.

कान्हेरीचा विवाहसंबंधविषयक लेख : कान्हेरी येथील पाचव्या लेण्याजवळील पाण्याच्या टाक्यावर एक खंडित संस्कृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णी याची राणी कार्दमक राजकुलातील असून ती एका महाक्षत्रपाची कन्या होती आणि सतेरक नावाच्या अमात्याने हे टाके दान दिले, असा त्याचा आशय आहे. राणीचे नाव नष्ट झाले असून तिच्या पित्याच्या नावाचे ‘रु’ हे आद्याक्षर तेवढे वाचता येते. पश्चिम क्षत्रपांच्या वंशात पहिला रुद्रदामन, पहिला रुद्रसिंह, पहिला रुद्रसेन अशी या अक्षराने सुरू होणारी अनेक नावे आहेत व त्या सर्वांनी महाक्षत्रप ही पदवी धारण केली होती. म्हणून एकट्या कान्हेरीच्या लेखावरून पित्याची ओळख पटत नाही.

गिरनारच्या पायथ्याशी जुनागढ येथे रुद्रदामनाचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात शक संवत् ७२ (इ. स. १५०) मधील तळ्याच्या हानीचा उल्लेख असून दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड युद्धात जिंकले, परंतु संबंध जवळचा असल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे रुद्रदामन सांगतो. हा सातकर्णी कोणता आणि संबंध कोणता, हे तेथे स्पष्ट केलेले नाही. कान्हेरीच्या लेखात विवाहसंबंध आहे, पण पित्याचे नाव अपूर्ण आहे. जुनागढच्या लेखात पित्याचे नाव आहे, पण संबंध व जावयाची ओळख अपूर्ण आहे. दोन्ही लेख एकत्र वाचले असता, वासिष्ठीपुत्र सातकर्णी हा रुद्रदामनाचा जावई होता, असे गृहीतक तयार होते आणि ते बहुतेक इतिहासकारांनी स्वीकारलेले आहे.

या गृहीतकाची परीक्षा करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जुनागढच्या आधारे कान्हेरीतील नाव पूर्ण करावयाचे आणि त्या पूर्ण केलेल्या नावाच्या आधारे जुनागढच्या सातकर्णीची ओळख पटवावयाची, एवढाच युक्तिवाद असेल, तर तो काही अंशी चक्राकार होतो. एका लेखातील रिकाम्या जागेत दुसऱ्याचा मजकूर भरल्यावर दोन्ही जुळणारच. अशा जुळणीला स्वतंत्र पुराव्याचा मान देता येत नाही.

तथापि या युक्तिवादाला बाहेरून आधार आहे. पहिली गोष्ट अशी, की दोन्ही लेख परस्परविरोधी राजकुलांच्या परिसरांत, एकमेकांपासून दूर आणि वेगवेगळ्या हेतूंनी लिहिले गेले. एक भिक्षुसंघाला दिलेल्या पाण्याच्या टाक्याची नोंद आहे, तर दुसरा तळ्याचा बांध दुरुस्त केल्याची प्रशस्ती आहे. एकाने दुसऱ्यावरून मजकूर घेतला असण्याचे कारण दिसत नाही. दुसरी गोष्ट कालाची आहे. कच्छमधील अंधौ येथील शक संवत् ५२ (इ. स. १३०) च्या लेखांत चष्टन व त्याचा नातू रुद्रदामन या दोघांची नावे येतात. टॉलेमीच्या भूगोलग्रंथात उज्जयिनीचा चष्टन आणि पैठणचा पुळुमावी यांचे उल्लेख आहेत. यावरून सातवाहन व कार्दमक घराण्यांतील समकालीनत्व या दोन लेखांचा आधार न घेताही ठरविता येते आणि त्या चौकटीत रुद्रसिंह किंवा रुद्रसेन यांच्यापेक्षा रुद्रदामनाचे नाव अधिक चांगले बसते. तिसरी गोष्ट भाषेची आहे. सातवाहनांच्या कारकीर्दीतील लेख सामान्यतः प्राकृतात आहेत; कान्हेरीचा हा लेख मात्र संस्कृतात आहे. रुद्रदामनाने आपली प्रशस्ती संस्कृतात कोरविली होती. राणी क्षत्रपकुलातील असल्यास तिच्या परिवारातील अमात्याने संस्कृताचा अवलंब करावा, हे समजण्याजोगे आहे. भाषेचे हे वैशिष्ट्य गृहीतक रचताना विचारात घेतलेले नव्हते; म्हणूनच त्याचे साक्षीमूल्य अधिक आहे. सातवाहनांनी क्षत्रपांच्या धर्तीवर राजाचे मुख असलेली चांदीची नाणी पाडली, ही गोष्टही दोन दरबारांच्या निकट संपर्काशी जुळते. परंतु असा संपर्क व्यापारामुळे किंवा प्रदेश जिंकल्यामुळेही घडू शकतो, म्हणून विवाहाच्या बाबतीत तिचे वजन कमी आहे.

प्रतींची परंपरा : कान्हेरीचे लेख विद्वानांना कसे कळले, याचा इतिहासही स्वतंत्रतेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स बर्ड याने व त्यानंतर जॉन स्टीव्हन्सन याने त्यांचे वाचन केले. वेस्ट बंधूंनी १८६० च्या सुमारास डोळ्यांनी पाहून उतरलेल्या प्रती प्रसिद्ध केल्या. पंडित भगवानलाल इंद्रजी व गेओर्ग ब्यूलर यांच्या हातून वाचने बरीच शुद्ध झाली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमधील वर्णन दीर्घकाळ सर्वसामान्य ग्रंथांचा आधार राहिले. शोभना गोखले यांनी मूळ लेखांची नव्याने पाहणी करून १९९१ मध्ये सर्व लेखांचा संग्रह पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातर्फे प्रसिद्ध केला.

या परंपरेत एखादे विधान दहा ग्रंथांत आढळले, तरी ते दहा साक्षीदारांचे एकमत असते असे नाही. त्यांतील नऊ ग्रंथकारांनी गॅझेटिअरवरून मजकूर घेतला असेल, तर साक्षीदार एकच उरतो, आणि त्याची चूक असल्यास ती दहाही ठिकाणी सारख्याच सुसंगतपणे आढळते. याउलट, ठसा घेऊन केलेले वाचन आणि जुनी हस्तप्रत जेथे जुळतात, तेथे अक्षरे झिजण्यापूर्वीचा व नंतरचा असे दोन स्वतंत्र पुरावे मिळतात. ग्रंथसंख्येपेक्षा ग्रंथांची वंशावळ महत्त्वाची असते, हा नियम लेखवाचनाला विशेष लागू पडतो.

स्थलनामांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी लागते. कान्हेरीच्या एका लेखात ‘मंगलठाण’ या गावातील शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे होय, हे ध्वनिपरिवर्तन व कान्हेरीपासूनचे अंतर या दोन वेगळ्या कारणांनी पटते. मागाठाण्याला बौद्ध लेणीही आहेत. पण ती दानलेखाहून बरीच नंतरची असल्यामुळे गावाच्या ओळखीचा प्रत्यक्ष पुरावा ठरत नाहीत; त्या भूमीशी संघाचा संबंध पुढेही टिकून राहिला असावा, इतकेच त्यांवरून सुचते.

संवताचा निर्णय : पुराव्यांच्या खऱ्या स्वतंत्रतेचे उत्तम उदाहरण कान्हेरीच्या ताम्रपटात सापडते. बर्ड याने १८३९ मध्ये चैत्यगृहासमोरील स्तूप उघडला, तेव्हा त्यातून त्रैकूटकांच्या राज्यातील २४५ व्या वर्षाचा ताम्रपट मिळाला. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या उपासकाने कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य उभारल्याची नोंद त्यात आहे. हे वर्ष कोणत्या संवताचे, हे ताम्रपटावरून कळत नाही. पुढे मध्य भारतातील कलचुरींच्या लेखांत तिथी व वार यांचे उल्लेख एकत्र आढळले. फ्रांट्‌स कीलहोर्न याने ज्योतिर्गणिताने ते पडताळून संवताचा आरंभ इ. स. २४८-४९ च्या सुमारास ठरविला व वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलचुरी-चेदी संवताच्या लेखसंग्रहात या प्रश्नाची सविस्तर छाननी केली. त्यानुसार कान्हेरीचा ताम्रपट इ. स. ४९४-९५ चा ठरतो. तिथी आणि वार यांचा मेळ ग्रहगतीवर अवलंबून असतो. कोणत्याही इतिहासकाराच्या मतावर नव्हे. चुकीचा आरंभ धरल्यास अनेक लेखांतील वार एकाच वेळी जुळणे जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे ही सुसंगती फार बलवान मानली जाते.

जोगेश्वरी, मंडपेश्वर व कृष्णराजाची नाणी : लेख नसलेल्या शैव लेण्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. जोगेश्वरी, मंडपेश्वर व मुंबईच्या बंदरातील घारापुरी येथील मुख्य लेणे यांत रचनेचे व शिल्पांचे निकटचे साम्य आहे. त्यांतील लकुलीशाच्या प्रतिमांवरून पाशुपत पंथाशी संबंध दिसतो. जुन्या अभ्यासकांनी घारापुरीचा काल सातव्या-आठव्या शतकापर्यंत खाली आणला होता. पुढे मिराशी व वॉल्टर स्पिंक यांनी सहाव्या शतकाचा पक्ष मांडला. स्पिंक यांच्या मते जोगेश्वरीचे लेणे घारापुरीच्या आधीचे आहे. या पक्षाच्या बाजूने शिल्पशैली, पंथ, राजवंश आणि नाणी असे चार पुरावे येतात. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी आणि वेरूळची आरंभीची लेणी यांच्या मधला टप्पा म्हणून या शैव लेण्यांची शैली समजून घेता येते. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कलचुरी राजा कृष्णराज हा जन्मापासून पशुपतीचा भक्त होता, असे त्याचा मुलगा शंकरगण याच्या अभोणे ताम्रपटावरून (कलचुरी संवत् ३४७) कळते. कृष्णराजाची चांदीची नाणी साष्टीत सापडली आहेत, आणि घारापुरी बेटावर मोठ्या संख्येने मिळालेली तांब्याची लहान नाणीही त्याचीच मानली गेली आहेत.

या चारही गोष्टी परस्परांशी उत्तम जुळतात. मात्र त्यांतील नाण्यांच्या पुराव्याला एक महत्त्वाची उपाधी आहे. नाणे ज्या राजाचे, त्याच्याच काळात ते त्या जागी पडले, ही अट पूर्ण झाली तरच नाण्यावरून लेण्याचा काल ठरतो. कृष्णराजाच्या चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत ही अट पूर्ण होत नाही, असे नासिक जिल्ह्यातील अंजनेरी येथे मिळालेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटावरून दिसते. हा ताम्रपट कलचुरी संवत् ४६१ चा, म्हणजे इ. स. ७१०-११ च्या सुमाराचा आहे आणि त्यात ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्यांचा उल्लेख येतो. म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनीही त्याची नाणी व्यवहारात होती. शिवाय ती नासिकपासून विदर्भापर्यंत दूरवर पसरलेली आढळतात. अशी नाणी एखाद्या लेण्याजवळ मिळाल्याने त्या लेण्याचा काल किंवा आश्रयदाता ठरत नाही.

तांब्याच्या नाण्यांची स्थिती काहीशी वेगळी आहे. कमी किमतीची ही नाणी सहसा दूर जात नाहीत. एका बेटावर ती मोठ्या संख्येने सापडणे, हे तेथे झालेल्या एखाद्या विशेष कामाचे लक्षण मानता येते. कारागिरांची मजुरी देण्यासाठी ती वापरली गेली असावीत, असा तर्क यावरून करण्यात आला. हा तर्क नाणे व लेणे यांच्यातील कारणसाखळी स्पष्ट करतो, हा त्याचा गुण होय. परंतु मजुरी हा त्या साखळीतील न पाहिलेला दुवा आहे. यात्रेकरूंचे दान किंवा बंदरातील किरकोळ व्यापार यांमुळेही तांब्याची नाणी साचू शकतात. शिवाय सहाव्या-सातव्या शतकांत कोकणात मौर्य नावाचे राजकुल होते. दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे लेखात (शक ५५६, इ. स. ६३४) कोकणच्या मौर्यांचा व समुद्रातील पुरी या नगरीवरील स्वारीचा उल्लेख आहे. म्हणून आश्रयदाता म्हणून त्यांचाही विचार करणे प्राप्त होते. एकूण पाहता, सहाव्या शतकाचा काल शैली व पंथ यांच्या आधाराने बराच दृढ झाला आहे. कृष्णराजाचे नाव मात्र त्याहून कमी दृढ आहे. काल आणि कर्ता ही दोन वेगळी गृहीतके असून एकाला मिळालेले समर्थन आपोआप दुसऱ्याला मिळत नाही.

नाणे पाडण्याचा काल व ते जमिनीत जाण्याचा काल यांतील अंतर मोजण्याचा एक मार्ग दा. ध. कोसंबी (१९०७–६६) यांनी दाखविला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम केलेल्या या गणितज्ञाने तक्षशिलेच्या निधींतील आहत नाण्यांची वजने करून संख्याशास्त्रीय पद्धतीने त्यांचा अभ्यास केला. हातोहात फिरण्याने नाण्याची झीज होते, आणि नाण्याच्या मागील बाजूस वेळोवेळी तपासणीच्या खुणा उमटविल्या जात. म्हणून जितक्या खुणा अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. खुणांमुळे वजन घटत नाही आणि वजन घटल्यामुळे खुणा वाढत नाहीत. चलनात गेलेला काल हे दोहोंचे समान कारण आहे. या उदाहरणात सुसंगतीबरोबर ती घडवून आणणारी प्रक्रियाही ज्ञात असल्यामुळे निष्कर्ष भक्कम होतो.

विसंगतीचे महत्त्व : जुळणाऱ्या पुराव्यांप्रमाणे न जुळणारे पुरावेही उपयुक्त ठरतात. साष्टीच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडे असलेल्या सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. त्यात मिळालेल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, आठ कांस्यमूर्ती आणि गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे होते. नाणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. एकाच पेटीतील वस्तूंत सहा शतकांचे अंतर पडते. नाण्यावरून स्तूपाचा आरंभ ठरवून, नंतरच्या काळात तो उघडून मूर्ती ठेवल्या गेल्या, असे सामान्यतः मानतात. मात्र जुने नाणे जपून ठेवून ते नव्या पेटीत घालणेही अशक्य नाही. दोन्ही कल्पना उपलब्ध वस्तूंशी सारख्याच सुसंगत आहेत. त्यांतून निवड करण्यासाठी पेटीबाहेरचा, म्हणजे बांधकामातील विटा व थर यांसारखा पुरावा लागतो.

कोंदिवट्याच्या चैत्यगृहात अशीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. तेथील स्तूप एका वर्तुळाकार दालनात असून त्या दालनाची बाहेरील भिंत झोपडीसारखी घडविली आहे. बिहारमधील बराबर टेकड्यांतील इ. स. पू. तिसऱ्या शतकातील लेण्यांशी तिचे साम्य असल्यामुळे हे चैत्यगृह प्राचीन मानले गेले. परंतु जुनी रचना नंतरही अनुकरणाने टिकू शकते. येथील ब्राह्मी लेखाची अक्षरवटिका ख्रिस्तोत्तर आरंभीच्या शतकांतील आहे. लेख दानाचा काल सांगतो. दालन खोदल्याचा काल त्याआधीचा असू शकतो. शैलीवरून अक्षरांचा आणि अक्षरांवरून शैलीचा काल ठरविण्याची चक्राकार पद्धत टाळावयाची, तर अक्षरवटिकेचा क्रम ज्ञात कालाच्या राजलेखांवरून स्वतंत्रपणे निश्चित करावा लागतो.

नष्ट झालेला पुरावा : पुरावा न मिळण्याची कारणेही तपासावी लागतात. घारापुरीच्या लेण्याजवळ एक मोठा शिलालेख होता. तो पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठविला व तेथे तो कोणालाही वाचता आला नाही, असे दिओगो दो कौतो या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्या लेखाचा पुढे पत्ता लागला नाही. मंडपेश्वरच्या लेण्याचा सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी चर्च म्हणून उपयोग केला. त्यात मूळ शिल्पांची हानी झाली आणि एका शिल्पपटाच्या जागी क्रूस कोरला गेला. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई व साष्टी जिंकल्यावर त्याचा हा उपयोग थांबला. म्हणून या लेण्यांत राजाचा लेख नाही, यावरून त्यांना राजाश्रय नव्हता असे म्हणता येत नाही. जेथे पुरावा नष्ट होण्याचे ज्ञात कारण आहे, तेथे त्याच्या अभावाला फारसे साक्षीमूल्य नसते. याउलट, शेकडो वर्षांचे दानलेख टिकून राहिलेल्या कान्हेरीत एखाद्या वर्गाचा उल्लेख मुळीच नसेल, तर त्या अभावाला काही अर्थ असतो.

व्यापार व लेणी : सुसंगती आणि कार्यकारण यांतील भेद लेण्यांच्या उदयाविषयीच्या गृहीतकात सर्वांत स्पष्ट होतो. कान्हेरीच्या दात्यांत व्यापारी, श्रेष्ठी, सोनार व लोहार आढळतात. कल्याण, सोपारा, चेमूल (चौल), नासिक व पैठण ही गावे त्यांच्या लेखांत येतात. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतातही कल्याण, सोपारा व चौल यांचे निर्देश आहेत. कोसंबी यांनी आणि पुढे हिमांशू प्रभा राय यांनी (१९८६) विहार, व्यापारी मार्ग व श्रेणी यांचा निकट संबंध दाखविला. एक परकीय नाविक आणि स्थानिक दाते यांच्या साक्षी परस्परांहून स्वतंत्र असल्यामुळे हा संबंध निःसंशय आहे.

परंतु व्यापारामुळे लेणी झाली व व्यापार खालावताच ती ओस पडली, असे सरळ सूत्र मांडल्यास कान्हेरीचे पुढील लेख त्याच्या आड येतात. रोमन व्यापार मंदावल्यानंतरही इ. स. ४९४-९५ मध्ये तेथे चैत्य उभारला गेला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील शिलाहार सामंतांच्या शक ७६५ ते ७९९ (इ. स. ८४३ ते ८७७) या काळातील लेखांत विहारासाठी दाने दिलेली आहेत. त्यांत भिक्षूंची वस्त्रे व ग्रंथ यांसाठी केलेली तरतूदही आढळते. म्हणजे संघाच्या निर्वाहाला भूमिदान, ठेवींचे व्याज व सामंतांचा आश्रय अशी इतर कारणेही होती. नव्वदाव्या लेण्यातील यज्दगर्द संवत् ३७८ व ३९० (इ. स. १००९ व १०२१) या वर्षांचे पेहलवी लेख जरथुश्त्री प्रवाशांच्या भेटींची नोंद करतात. त्यांवरून ही लेणी अकराव्या शतकात ज्ञात व प्रेक्षणीय होती एवढे सिद्ध होते. तेथे तेव्हा भिक्षू राहत होते, असे सिद्ध होत नाही.

मूल्यमापन : साष्टीतील लेण्यांच्या अभ्यासावरून पुराव्याच्या परीक्षणाचे काही सामान्य नियम निघतात. पुराव्यांची केवळ संख्या मोजू नये. ते किती स्वतंत्र मार्गांनी आले हे पाहावे. मूळ घटनेपासून आजच्या अवशेषापर्यंतच्या साखळीतील प्रत्येक दुवा, विशेषतः न पाहिलेला दुवा, वेगळा मांडावा. प्रतिस्पर्धी गृहीतकांशीही तेच पुरावे तितकेच जुळतात काय, हे तपासावे. गृहीतक रचताना वापरलेला पुरावा त्याच्याच समर्थनार्थ पुन्हा मोजू नये. या कसोट्या लावल्या असता कलचुरी संवताचा आरंभ अत्यंत दृढ, कान्हेरीच्या लेखातील विवाहसंबंध बराच दृढ, शैव लेण्यांचे सहावे शतक सुसंभाव्य आणि कृष्णराजाचा आश्रय शक्य पण असिद्ध, अशी निष्कर्षांची श्रेणी लावता येते. सर्व विधाने सारख्याच निश्चयाने मांडण्यापेक्षा अशी श्रेणी स्पष्ट करणे अधिक शास्त्रशुद्ध असून, नवा लेख किंवा ताम्रपट उपलब्ध झाल्यास कोणते विधान बदलावे लागेल, हेही त्यामुळे आधीच कळू शकते.